दिवाळखोरीतील कंपनीच्या समभागांचा सट्टा व पेटंटचे मूल्य

दिवाळखोरीतील कंपनीच्या समभागांचा सट्टा म्हणजे कर्जफेड करू न शकल्याने नादारी प्रक्रियेत दाखल झालेल्या सूचिबद्ध कंपनीचे समभाग, तिच्या एखाद्या मालमत्तेला मोठी किंमत येईल या अपेक्षेने, अत्यल्प भावात खरेदी करण्याचा व्यवहार होय. तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत ही अपेक्षा बहुधा पेटंट (एकस्व), नाममुद्रा, परवाने किंवा दूरसंचार लहरी अशा अमूर्त मालमत्तेभोवती केंद्रित झालेली असते. कारखाना बंद पडला, विक्री थांबली, तरी कंपनीचे शोध शिल्लक आहेत आणि त्यांना कोट्यवधींचे मोल येईल, असा या सट्ट्यामागील तर्क असतो.

या तर्काचा पहिला भाग अनेकदा खरा ठरतो. दिवाळखोर कंपन्यांची पेटंट प्रत्यक्षात मोठ्या रकमांना विकली गेली आहेत. मात्र विक्रीतून आलेला पैसा कायद्याने ठरवलेल्या क्रमाने वाटला जातो आणि त्या क्रमात समभागधारक सर्वांत शेवटी असतो. त्यामुळे ‘पेटंटची किंमत किती’ या प्रश्नाइतकाच ‘त्या किमतीवर आपल्या आधी कोणाचा हक्क आहे’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. भारत, अमेरिका व कॅनडा येथील प्रमुख उदाहरणांत पेटंट किंवा तत्सम मालमत्तेचे मूल्य आणि समभागधारकाच्या हाती आलेली रक्कम यांत मोठी तफावत आढळते.

संकल्पना

कंपनीच्या भांडवलाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिला कर्जाऊ भांडवलाचा. बँका, कर्जरोखेधारक आणि इतर धनको यांनी दिलेल्या रकमेवर ठरावीक व्याज मिळते आणि मुद्दल परत मिळण्याचा त्यांना कायदेशीर हक्क असतो. दुसरा भागभांडवलाचा. समभागधारक हा कंपनीचा अंशतः मालक असतो. नफ्यातील वाटा त्याचा असतो, त्याचप्रमाणे तोट्याचा पहिला आघातही त्याच्यावर होतो. मर्यादित दायित्वाच्या तत्त्वामुळे पूर्ण भरणा झालेल्या समभागाच्या धारकाला गुंतवलेल्या रकमेपेक्षा अधिक काही गमवावे लागत नाही. कंपनीचे कर्ज त्याच्या घरादारापर्यंत पोहोचत नाही. या संरक्षणाच्या मोबदल्यात त्याचा हक्क सर्व धनकोंच्या मागे ठेवलेला असतो.

कंपनी सुस्थितीत असताना हा क्रम कोणाच्या लक्षातही येत नाही. कर्जाचे हप्ते वेळेवर जातात, लाभांश मिळतो आणि समभागाचा भाव भविष्यातील नफ्याच्या अंदाजावर हलत राहतो. मालमत्तेचे मूल्य कर्जापेक्षा कमी झाले, की समभागाचे आर्थिक मूल्य जवळजवळ संपते. तरीही जोवर तो शेअर बाजारात सूचिबद्ध आहे, तोवर त्याला काही ना काही भाव मिळत राहतो. सट्ट्याचे क्षेत्र या टप्प्यावर सुरू होते.

सट्ट्याची कारणे

दिवाळखोर कंपनीचा समभाग शून्यावर न जाता काही रुपयांवर रेंगाळतो, यामागे पुढील कारणे सांगता येतात.

अल्प भावाचे आकर्षण: दोन रुपयांचा समभाग तीन रुपये झाला, तर पन्नास टक्के नफा होतो. कंपनीच्या स्थितीत काहीही न बदलता केवळ एखाद्या वार्तेमुळे अशी हालचाल होऊ शकते. शिवाय कधीकाळी शेकडो रुपयांना मिळणारा समभाग आता चहाच्या कपाइतक्या किमतीत मिळतो आहे, ही तुलना खरेदीदाराला मोहात पाडते. परंतु जुना भाव हा जुन्या कंपनीचा असतो. नव्या परिस्थितीशी त्याचा संबंध नसतो.

मर्यादित तोटा, अमर्याद कल्पना: खरेदीदाराचा तोटा त्याने लावलेल्या रकमेपुरता असतो. लाभाची कल्पना मात्र मोठी असते. या दृष्टीने असा समभाग लॉटरीच्या तिकिटासारखा वागतो.

ताळेबंदातील मौन: लेखांकनाच्या नियमांनुसार संशोधनावर झालेला खर्च त्या त्या वर्षी खर्ची टाकावा लागतो. विकासाच्या टप्प्यावरील खर्च काही अटी पूर्ण झाल्यासच मालमत्ता म्हणून दाखवता येतो. त्यामुळे कंपनीने स्वतः निर्माण केलेल्या पेटंटचे मूल्य ताळेबंदात नगण्य दिसते किंवा दिसतच नाही. ही रिकामी जागा अफवा भरून काढतात. जे आकड्यांत दिसत नाही ते दडलेले धन आहे, असा समज रूढ होतो.

अडकलेल्या भागधारकाची आशा: भाव कोसळण्यापूर्वी समभाग घेतलेला गुंतवणूकदार तोटा मान्य करण्याऐवजी सरासरी किंमत खाली आणण्यासाठी आणखी समभाग घेतो. त्यामुळे मागणी टिकून राहते.

पेटंटचे मूल्य

पेटंट म्हणजे नव्या शोधाबद्दल शासनाने शोधकर्त्यास दिलेला ठरावीक मुदतीचा एकाधिकार होय. भारतात पेटंट अधिनियम, १९७० नुसार ही मुदत अर्ज दाखल केल्याच्या दिनांकापासून २० वर्षे असते. धारकाला इतरांना तो शोध वापरण्यापासून रोखता येते, परवाना देऊन स्वामित्वशुल्क घेता येते, तसेच पेटंट विकता किंवा तारण ठेवता येते. असे हस्तांतरण किंवा तारण लेखी स्वरूपात असणे कायद्याने बंधनकारक आहे.

मूल्यमापनाच्या पद्धती

पेटंटचे मूल्य ठरवण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. खर्चाधारित पद्धतीत तोच शोध नव्याने लावण्यास किती खर्च येईल, हे पाहिले जाते. बाजाराधारित पद्धतीत तत्सम पेटंट पूर्वी कोणत्या किमतीस विकली गेली, याचा आधार घेतला जातो. उत्पन्नाधारित पद्धतीत त्या पेटंटमधून उरलेल्या मुदतीत किती स्वामित्वशुल्क मिळेल किंवा वाचेल याचा अंदाज करून ती रक्कम आजच्या मूल्यात आणली जाते. तिन्ही पद्धतींत गृहीतके मोठी असल्याने एकाच पेटंटसंचाचे अंदाज परस्परांपासून बरेच दूर जाऊ शकतात.

मूल्य घटवणारे घटक

पेटंटची संख्या म्हणजे पेटंटचे मूल्य नव्हे. पुढील बाबींमुळे मोठ्या दिसणाऱ्या संचाची किंमतही कमी होते.

• उरलेली मुदत: वीसपैकी सोळा वर्षे संपलेल्या पेटंटमध्ये खरेदीदारास केवळ चार वर्षांचा एकाधिकार मिळतो. वेगाने बदलणाऱ्या तंत्रज्ञानात मुदत संपण्यापूर्वीच शोध कालबाह्य होऊ शकतो.
• नूतनीकरण शुल्क: भारतात तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी शुल्क भरावे लागते. न भरल्यास पेटंट निष्प्रभ होते. त्याच्या पुनःस्थापनेसाठी १८ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पैशांच्या चणचणीत असलेल्या कंपनीकडून हे शुल्क थकण्याचा धोका अधिक असतो.
• प्रादेशिक मर्यादा: भारतात मिळालेले पेटंट फक्त भारतात लागू असते. अमेरिका किंवा युरोपात स्वतंत्र पेटंट नसेल, तर तेथील कंपन्यांना ते विकत घेण्याची निकड नसते.
• पूर्वी दिलेले परवाने: ज्या कंपन्यांनी पेटंट वापरण्याचा परवाना आधीच घेतला आहे, त्यांच्याकडून नवा मालक सहसा नव्याने शुल्क वसूल करू शकत नाही.
• सहमालकी व तारण: पेटंट एकापेक्षा अधिक नावांवर असेल, तर इतर सहमालकांच्या संमतीशिवाय आपला हिस्सा हस्तांतरित करता येत नाही. ते बँकेकडे तारण असेल, तर विक्रीच्या रकमेवर आधी बँकेचा हक्क असतो.
• सक्तीची विक्री: दिवाळखोरीत विक्रेत्याला वेळ नसतो आणि हे खरेदीदाराला ठाऊक असते. त्यामुळे घासाघिशीत त्याचे पारडे जड असते.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतात कंपन्यांच्या दिवाळखोरीचे नियमन नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार होते. महाराष्ट्रात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतात. नागपूर व विदर्भातील कंपन्याही त्यास अपवाद नाहीत. नागपूरच्या मुरली इंडस्ट्रीज या कंपनीचे प्रकरण याच खंडपीठापुढे चालले आणि पुढे तिचा ताबा दालमिया समूहाच्या सिमेंट कंपनीकडे गेला.

प्रक्रिया

न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतल्यावर कंपनीविरुद्धचे दावे व वसुली यांना स्थगिती मिळते, संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कारभार निराकरण व्यावसायिकाकडे जातो. कंपनीच्या मालमत्तेचा ताबा घेणे हे त्याचे कर्तव्य असून त्यात बौद्धिक संपदेसह अमूर्त मालमत्तेचा संहितेत स्पष्ट उल्लेख आहे. दोन नोंदणीकृत मूल्यनिर्धारक कंपनीचे रास्त मूल्य व अवसायन मूल्य ठरवतात. रास्त मूल्य म्हणजे पुरेसा वेळ घेऊन, सक्ती नसताना केलेल्या विक्रीत मिळू शकणारी रक्कम. अवसायन मूल्य म्हणजे कंपनी गुंडाळून मालमत्ता विकल्यास मिळणारी अंदाजे रक्कम.

त्यानंतर इच्छुक खरेदीदारांकडून निराकरण योजना मागवल्या जातात. त्यांतून एक योजना धनकोंची समिती मतदानाने निवडते आणि न्यायाधिकरण तिला मंजुरी देते. या समितीत मुख्यतः बँका व वित्तीय संस्था असतात. सर्वसामान्य समभागधारकांना तेथे जागा अथवा मत नसते. योजनेस भागधारकांची संमती अन्य कायद्यानुसार आवश्यक असली, तरी ती मिळाल्याचे संहितेनुसार मानले जाते. समितीच्या व्यावसायिक निर्णयात न्यायालयांनी सहसा हस्तक्षेप करू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील निकालांत दृढ केले.

वाटपाचा क्रम

कंपनी अवसायनात गेल्यास संहितेच्या कलम ५३ नुसार विक्रीची रक्कम पुढील क्रमाने वाटली जाते. वरचा गट पूर्णपणे फिटल्याशिवाय खालच्या गटास काहीही मिळत नाही.

१. नादारी व अवसायन प्रक्रियेचा खर्च
२. कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी आणि तारणावरील हक्क सोडून दिलेले तारणधारक धनको (दोघे समान पातळीवर)
३. इतर कर्मचाऱ्यांचे मागील १२ महिन्यांचे वेतन
४. विनातारण वित्तीय धनको
५. शासनाची दोन वर्षांपर्यंतची देणी आणि तारण स्वतः विकूनही थकबाकी उरलेले तारणधारक धनको
६. उर्वरित सर्व कर्जे व देणी
७. अग्रहक्क भागधारक
८. समभागधारक

निराकरण योजनेतही समभागधारकास काही द्यावयाचे किंवा नाही, हे ठरवताना बहुधा याच क्रमाचा आधार घेतला जातो. अवसायन मूल्य धनकोंच्या थकबाकीपेक्षा कमी असेल, तर समभागधारकाचा हिस्सा शून्य धरला जातो.

काल्पनिक उदाहरण

समजा, एका तंत्रज्ञान कंपनीवर १,००० कोटी रुपयांची देणी आहेत. तिच्या जमीन, इमारती व यंत्रसामग्रीचे २५० कोटी येतील आणि प्रक्रियेचा खर्च २० कोटी आहे. कंपनीचे १० कोटी समभाग असून बाजारात प्रत्येकी दोन रुपये भाव आहे. कंपनीची पेटंट ३०० कोटींची आहेत, अशी वार्ता पसरते. ३०० कोटी भागिले १० कोटी समभाग, म्हणजे प्रत्येक समभागामागे ३० रुपयांची मालमत्ता, असा हिशेब सट्टेबाज मांडतो आणि दोन रुपयांचा भाव त्याला मातीमोल वाटतो.

वस्तुतः ३०० कोटींचा आकडा खरा मानला, तरी एकूण जमा ५५० कोटी होईल. खर्च वजा जाता ५३० कोटी उरतील आणि ते सर्व १,००० कोटींच्या देण्यांकडे जातील. समभागधारकाला पहिला रुपया मिळण्यासाठी पेटंटना ७७० कोटींहून अधिक किंमत यावी लागेल. ती ८७० कोटी आली, तरी उरलेले १०० कोटी वाटून प्रत्येक समभागास १० रुपये येतील, तेही अग्रहक्क भागधारक नाहीत असे गृहीत धरल्यास. सट्टेबाजाच्या हिशेबात भागाकार बरोबर असतो, वजाबाकी मात्र राहून गेलेली असते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

व्हिडिओकॉन

नंदलाल माधवलाल धूत यांच्या कुटुंबाने उभारलेला व्हिडिओकॉन समूह हा मराठवाड्यातील औद्योगिकीकरणाचे एक प्रमुख प्रतीक होता. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील चितेगाव येथे होते. रंगीत दूरचित्रवाणी संच व घरगुती उपकरणे यांपासून सुरुवात करून समूहाने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिका व्यवसाय विकत घेतला. परंतु त्याच काळात सपाट पडद्यांचे तंत्रज्ञान पुढे आले आणि चित्रनलिकेचे युग ओसरू लागले. एखाद्या तंत्रज्ञानासाठी मोजलेली किंमत अल्पावधीत कशी विरून जाते, याचे हे उदाहरण मानता येते. पुढे समूह दूरसंचार व तेल-वायू क्षेत्रांतही उतरला. २०१६ मध्ये त्याने सहा मंडळांतील दूरसंचार लहरींचे हक्क एअरटेलला ४,४२८ कोटी रुपयांना देण्याचा करार केला.

६ जून २०१८ रोजी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये समूहातील १३ कंपन्यांची प्रक्रिया एकत्र केली. जून २०२१ मध्ये वेदान्त समूहातील ट्विन स्टार टेक्नॉलॉजीज या कंपनीची सुमारे २,९६२ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. मान्य झालेले दावे ६४,८३८ कोटींहून अधिक होते. म्हणजे धनकोंना शंभर रुपयांमागे सरासरी पाच रुपयांहूनही कमी मिळणार होते. बोलीची रक्कम गोपनीय असलेल्या अवसायन मूल्याच्या, म्हणजे सुमारे २,५६८ कोटींच्या जवळ कशी आली, याकडेही न्यायाधिकरणाने लक्ष वेधले.

त्याच महिन्यात कंपनीने शेअर बाजारांना कळवले, की योजनेनुसार समभाग सूचीतून काढले जातील आणि अवसायन मूल्य वित्तीय धनकोंचे कर्ज फेडण्यासही अपुरे असल्याने समभागधारकांना कोणताही मोबदला देय नाही. घराघरांत परिचित असलेली नाममुद्रा, कारखाने व इतर मालमत्ता यांचे मूल्य शून्य नव्हते. समभागधारकाच्या वाट्याला मात्र शून्य आले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने जुलै २०२१ मध्ये या योजनेस स्थगिती दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये मंजुरी रद्द करून प्रकरण धनकोंच्या समितीकडे परत पाठवले. या फेरविचाराचे कारण धनकोंचे हित हे होते. समभागधारकांचा क्रम त्यामुळे बदलला नाही.

रिलायन्स कम्युनिकेशन्स

नवी मुंबईतून कारभार चालणाऱ्या रिलायन्स कम्युनिकेशन्सचा समभाग जानेवारी २००८ मध्ये ८०० रुपयांच्या वर होता. दूरसंचार क्षेत्रातील दरयुद्ध व कर्जाचा डोंगर यांमुळे पुढील दशकात तो घसरत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये लहरी, मनोरे व ऑप्टिकल फायबर जाळे रिलायन्स जिओला विकण्याचा करार जाहीर होताच समभागाने मोठी उसळी घेतली. कर्ज फिटेल आणि कंपनी तरेल, अशी अपेक्षा त्यामागे होती. तथापि आवश्यक मंजुऱ्या न मिळाल्याने मार्च २०१९ मध्ये तो करार रद्द झाला. तत्पूर्वी फेब्रुवारी २०१९ च्या आरंभी कंपनीने स्वतःहून नादारी प्रक्रियेत जाण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा समभाग कोसळला होता. मे २०१९ मध्ये नादारी प्रक्रिया पुन्हा सुरू झाली.

या प्रकरणात अमूर्त मालमत्तेच्या मालकीचाच प्रश्न उभा राहिला. दूरसंचार लहरी ही नैसर्गिक साधनसंपत्ती असून कंपनीकडे केवळ वापराचा हक्क असतो. तो हक्क ही कंपनीची अमूर्त मालमत्ता असली, तरी शासनाची देणी फेडल्याशिवाय त्याचा लाभ घेता येणार नाही, असा निर्णय अपिलीय न्यायाधिकरणाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. ज्या मालमत्तेच्या भरवशावर समभाग घेतले जातात, ती खरोखर कंपनीची आहे का, हे तपासण्याची गरज यातून दिसून येते.

परदेशातील उदाहरणे

नोर्टेल

कॅनडाच्या नोर्टेल या दूरसंचार उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने १४ जानेवारी २००९ रोजी दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. व्यवसायाचे विविध विभाग विकल्यानंतर २०११ मध्ये तिची सुमारे ६,००० पेटंट व पेटंटअर्ज लिलावात काढण्यात आले. गुगलच्या ९० कोटी डॉलरच्या आरंभीच्या बोलीपासून सुरू झालेला हा लिलाव ४५० कोटी डॉलरवर थांबला. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एरिक्सन, सोनी, ईएमसी व रिसर्च इन मोशन यांच्या गटाने तो जिंकला. त्या काळापर्यंतची पेटंटची ही विक्रमी विक्री मानली गेली.

या रकमेनंतरही समभागधारकांना काहीही मिळाले नाही. पैसा कर्जरोखेधारक, निवृत्तिवेतनधारक व इतर धनको यांच्यातच अपुरा पडला आणि त्याच्या वाटपावरून कॅनडा, अमेरिका व ब्रिटन येथील पक्षांत अनेक वर्षे वाद चालला. पेटंटविषयीचा अंदाज प्रत्यक्षात अपेक्षेहून कितीतरी अधिक खरा ठरूनही समभाग निर्मूल्य ठरल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

कोडॅक

रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये आद्य डिजिटल कॅमेरा तयार केला होता. त्याच डिजिटल लाटेत फिल्मचा व्यवसाय बुडाल्याने कंपनीने १९ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाचे संरक्षण मागितले. डिजिटल छायाचित्रणाशी संबंधित सुमारे १,१०० पेटंटचे मूल्य एका सल्लागार संस्थेने २२१ ते २५७ कोटी डॉलर इतके वर्तवले होते. प्रत्यक्षात डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या करारात सुमारे ५२.५ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे किमान अंदाजाच्या चतुर्थांशाहूनही कमी. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली, तेव्हा जुने समभाग रद्द करण्यात आले होते. ‘कोडॅक वाचली’ ही वार्ता खरी होती. वाचलेल्या कंपनीत जुन्या समभागधारकाला स्थान नव्हते.

अपवाद

समभागधारकास काहीच मिळत नाही, हा नियम निरपवाद नाही. अमेरिकेतील हर्ट्झ या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीने मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढील वर्षी प्रवासाची मागणी परतल्याने खरेदीदारांत चुरस झाली, धनकोंची देणी फिटली आणि समभागधारकांनाही लाभ मिळाला. पुन्हा कमाई सुरू होऊन मालमत्तेचे मूल्य कर्जाच्या वर गेले, तेव्हाच हे शक्य झाले.

भारतात रुची सोया इंडस्ट्रीजचे उदाहरण वारंवार दिले जाते. पतंजली समूहाने ती घेतल्यावर जानेवारी २०२० मध्ये तिचा समभाग सुमारे १७ रुपयांना पुन्हा व्यवहारात आला आणि जूनअखेर १,५०० रुपयांच्या वर गेला. परंतु निराकरण योजनेनुसार जुन्या १०० समभागांचा एक समभाग करण्यात आला होता आणि जनतेकडे कंपनीचा केवळ एक टक्क्याच्या आसपास हिस्सा उरला होता. बाजारात समभागांची टंचाई असल्याने अल्प खरेदीनेही भाव चढत गेला. यानंतर २०२१ मध्ये नियमांत बदल करून पुनर्सूचीकरणाच्या वेळी किमान ५ टक्के सार्वजनिक भागधारणा आवश्यक ठरवण्यात आली.

गुंतवणूकदारांच्या संरक्षणाचा वाद

समभागधारकाने जोखीम पत्करूनच गुंतवणूक केलेली असते आणि बँकांच्या, म्हणजे पर्यायाने ठेवीदारांच्या, पैशाआधी त्याला वाटा देणे अन्यायाचे ठरेल, अशी विद्यमान क्रमाच्या समर्थकांची भूमिका आहे. याउलट, कंपनी बुडवण्यात किरकोळ गुंतवणूकदाराचा हात नसतो, धनकोंच्या समितीत त्याला आवाज नसतो, रास्त व अवसायन मूल्य त्याला कळत नाही आणि पुनरुज्जीवित कंपनीचा सर्व लाभ नव्या मालकाकडे जातो, असे टीकाकार म्हणतात.

भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) नोव्हेंबर २०२२ मध्ये याविषयी चर्चापत्र प्रसिद्ध केले. नव्या मालकाला ज्या किमतीने समभाग मिळतात, त्याच किमतीने नव्या कंपनीत किमान ५ टक्के व कमाल २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेण्याची संधी विद्यमान सार्वजनिक भागधारकांना द्यावी, असा प्रस्ताव त्यात होता. हा प्रस्ताव फुकट वाट्याचा नसून नव्याने पैसे गुंतवण्याच्या संधीचा होता. नादारी प्रक्रियेतील कंपन्यांच्या समभागांवर शेअर बाजारही अतिरिक्त देखरेख ठेवतात. त्यात भावाच्या दैनंदिन चढउतारावर कडक मर्यादा आणि व्यवहाराची पूर्ण रक्कम आगाऊ भरण्यासारख्या अटी असू शकतात.

माहितीची सार्वजनिक साधने

पेटंटविषयीच्या वार्तेची शहानिशा करणे सर्वसामान्य वाचकासही शक्य आहे. भारतीय पेटंट कार्यालयाचे कामकाज मुंबई, दिल्ली, चेन्नई व कोलकाता येथून चालते. नागपूर हे या व्यवस्थेतील माहिती व प्रशिक्षणाचे केंद्र आहे. १९८० मध्ये स्थापन झालेली पेटंट माहिती प्रणाली आणि राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था या दोन्ही संस्था नागपुरात आहेत. पहिलीचे काम पेटंटविषयक माहिती उपलब्ध करून देण्याचे, तर दुसरीचे बौद्धिक संपदेच्या क्षेत्रातील प्रशिक्षण व शिक्षणाचे आहे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील शोधसेवा निःशुल्क असून अर्जदाराच्या नावावरून पेटंट शोधता येते.

या नोंदींतून पुढील गोष्टी कळू शकतात: पेटंट खरोखर मंजूर झाले आहे की केवळ अर्ज दाखल आहे, ते कोणाच्या नावावर आहे, नूतनीकरण शुल्क भरलेले आहे का आणि मुदत किती उरली आहे. मंजूर पेटंटचा प्रत्यक्ष वापर होतो की नाही याविषयीचे निवेदन धारकाला ‘नमुना २७’ मध्ये सादर करावे लागते. ज्या शोधाचा वापर वर्षानुवर्षे झालेला नाही, त्याला मोठी किंमत येण्याचा दावा सावधपणे तपासावा लागतो.

हिशेबाची दुसरी बाजूही उघड असते. सूचिबद्ध कंपनीला नादारी प्रक्रियेतील महत्त्वाचे टप्पे शेअर बाजारांना कळवावे लागतात आणि न्यायाधिकरणाचे आदेश सार्वजनिक असतात. धनकोंची यादी व मान्य दाव्यांची रक्कमही प्रसिद्ध केली जाते. पेटंटच्या अंदाजित मूल्याचा आकडा या यादीतील एकूण रकमेशेजारी ठेवून पाहिला, की समभागधारकापर्यंत काही पोहोचण्याची शक्यता कितपत आहे, याचा अदमास येतो.